पाणी मारलेली भिंत

आमच्या शहरात जुन्या कापसाच्या गोदामाच्या जागी नवं कलादालन झालंय. खाली पुस्तकांचं दुकान आणि चहा, मागे छोटं नाट्यगृह, आणि मधोमध तीन मजले उंच, काँक्रीटच्या उघड्या भिंतींचं मोकळं दालन. छताच्या एका लांब फटीतून ऊन येतं आणि भिंतीवरून सावकाश उतरत राहतं. मी चित्रं बघायला गेलो आणि अर्धा तास ती भिंतच बघत बसलो.

तेवढ्यात एक बाई आत आल्या. चपला त्यांनी दाराबाहेरच काढल्या होत्या. त्या थेट भिंतीपाशी गेल्या आणि तिच्यावर तळहात टेकवला.

“मावशी, हात नका लावू,” रखवालदार म्हणाला.

“मी पाणी मारलंय हिला,” बाई म्हणाल्या. “रोज सकाळ-संध्याकाळ, पाइप धरून. ओली नाही ठेवली तर तडकते.” मग त्यांनी वर पाहिलं आणि आवाज एकदम खाली आला. “तेव्हा वर सगळ्या फळ्याच होत्या. हे ऊन कुठं दिसत होतं!”

काँक्रीट वाळून घट्ट होतं, असंच मी जन्मभर समजत होतो. ते पाण्यानं घट्ट होतं तर! एवढं अजस्र, निश्चल काहीतरी उभं राहायला आधी कुणाला तरी ते दिवसेंदिवस भिजवत राहावं लागतं.

बाई बराच वेळ त्या उन्हात उभ्या राहिल्या आणि गेल्या. निघताना मी वळून पाहिलं. रखवालदार भिंतीला तळहात लावून उभा होता.