शेवटचा एक तास

चाकणच्या त्या कारखान्यात गिअर भट्टीत तापवून कडक करतात. भट्टीचं तापमान पडद्यावर सतत दाखवणारा प्रोग्रॅम माझा होता. चिंचवडला आमचं पाच माणसांचं ऑफिस, आणि पाचांत ग्राफ काढायची हौस एकट्या मला. पडद्यावर दोन रेघा सरकत राहायच्या. लाल म्हणजे भट्टीला सांगितलेलं तापमान, निळी म्हणजे ती खरोखर किती तापली ते. दोघी चिकटून चालल्या की सगळं ठीक. मला तो ग्राफ इतका देखणा वाटला की त्याचा फोटो मी आईला पाठवला. तिने घाबरून विचारलं, कुणाचा ईसीजी आहे हा?

सकाळी सहाला सुरू केलेला हा देखणा प्रोग्रॅम नऊच्या सुमारास रेंगाळायला लागायचा आणि दहाला गोठून बसायचा. भट्टीला काही व्हायचं नाही, तिचा कारभार वेगळा. फक्त पडदा आंधळा व्हायचा.

भट्टीवर लातूरकडचे एक ऑपरेटर होते, पन्नाशी ओलांडलेले, इतकी वर्षं होऊनही कंत्राटावरच. सगळे त्यांना मामा म्हणायचे, मीही म्हणायचे. त्यांनी माझ्या प्रोग्रॅमवर स्वतःचा उपाय शोधला होता. दर दोन तासांनी ते तो आपणच बंद करून पुन्हा सुरू करायचे. बंद केला की ग्राफ पुसला जायचा, म्हणून आधी वहीत उतरवून घ्यायचे. वेळ, लाल, निळी, आणि मधे काही वेगळं घडलं असेल तर त्याची एक ओळ. दहा वाजून सात मिनिटं झाली असतील तर दहा-सातच लिहायचे, नुसते दहा कधी नाही. संध्याकाळी ती वही क्वालिटीच्या टेबलावर जायची.

मला त्या वहीचा राग यायचा. माझं अपयश कोणीतरी रोज सुवाच्य अक्षरात लिहून ठेवतंय असं वाटायचं.

आधी मी सगळं खापर कॉम्प्युटरवर फोडलं आणि कंपनीला जास्तीची रॅम टाकायला लावली. मग मामांना मधे बंद करू नका म्हटलं, तर प्रोग्रॅम दहाऐवजी दोनला गोठायला लागला. "मॅडम, आता जेवून झाल्यावर झोपतंय," मामा म्हणाले. सगळे हसले, मीही हसले, पण आतून जळफळाट झाला.

मग प्लास्टिकची खुर्ची घेऊन मी तीन दिवस भट्टीशेजारीच ठाण मांडलं. प्रोग्रॅमने किती मेमरी अडवली आहे तो आकडा चढत होता, उतरायचं नाव नव्हतं. नऊला मेमरीत काय काय पडलंय त्याची यादी काढली, दहाला पुन्हा काढली, दोन्ही शेजारी ठेवून ताडल्या. हौसेपायी मी सेकंदाला वीस वेळा तापमान वाचत होते, आणि ग्राफवर आलेला एकही ठिपका परत जात नव्हता. शिवाय मामा सेटिंगची खिडकी उघडून बंद करायचे तेव्हा ती नुसती नजरेआड व्हायची. मागे जिवंतच राहायची आणि तोच ग्राफ पुन्हा आपल्यापाशी साठवत बसायची.

खिडकी नीट बंद केली. ठिपक्यांचं म्हणाल तर फक्त शेवटच्या एका तासाचे ठेवायचे, मागचे टाकून द्यायचे. चार ओळींचं काम. त्यानंतर प्रोग्रॅम आठवडाभर अखंड चालला आणि मेमरीचा आकडा जागचा हलला नाही. मी पेढे घेऊन गेले.

"मामा, आता वही बंद करा. सगळं कॉम्प्युटर ठेवतो," मी म्हणाले.

"नक्की ना मॅडम?"

"नक्की."

भट्टीतला माल बाहेर निघाला की प्रोग्रॅम एक रिपोर्ट काढून साठवायचा. तो रिपोर्ट त्याच ठिपक्यांमधून निघत होता. लिहिला मीच होता, तरी त्या चार ओळी लिहिताना ते माझ्या डोक्यात आलं नाही. म्हणजे सात तासांच्या भट्टीचा रिपोर्ट आता शेवटच्या एका तासाचाच निघत होता. कोणी बघितलं नाही. रिपोर्ट उघडायची वेळ काही बिघडल्याशिवाय येत नाही.

तीन महिन्यांनी गिअरची एक खेप नरम निघाली म्हणून परत आली. मीटिंगला मलाही बोलावलं. मामा दाराशी उभे होते. त्यांना कोणी खुर्ची दिली नव्हती. प्लांटच्या साहेबांचं म्हणणं होतं की मामांनी तापमान चुकीचं लावलं आणि लक्षात आल्यावर गुपचूप नीट केलं.

"नाई साहेब," मामा म्हणाले. "लाल जाग्यावरच व्हती. निळी खाली गेलती. दहा वाजून सात मिनटाला गेली, अर्ध्या तासानं आपोआप वर आली. मॅडमच्या ग्राफात असंल बगा."

सगळे माझ्याकडे वळले. मी रिपोर्ट उघडला. तो एक वाजता सुरू होत होता आणि दोनला संपत होता. दोन्ही रेघा सरळ, एकमेकींना चिकटलेल्या. काय झालंय ते मला एका क्षणात कळलं.

"रिपोर्टमध्ये तसं काही दिसत नाही," मी म्हणाले.

त्यात खोटा शब्द एकही नव्हता. पुढचं वाक्य होतं, की दिसत नाही कारण बाकीचं मी फेकून दिलंय. ते मी बोलले नाही. दुसऱ्या भट्टीचं काम आम्हाला मिळणार होतं, आमचे साहेब शेजारीच बसले होते, आणि मी घाबरले होते. मामांनी माझ्याकडे पाहिलं, पण रागाने नाही. मी अजून काहीतरी बोलेन म्हणून थांबल्यासारखे पाहत राहिले.

मामांचं कंत्राट पुढच्या महिन्यात वाढवलं नाही. प्रोग्रॅम मी त्याच संध्याकाळी दुरुस्त केला. दर मिनिटाचं तापमान फाइलमध्ये लिहायला लावलं, वीस मिनिटं लागली. पंधरा दिवसांनी धीर करून प्लांटच्या साहेबांना खरं काय ते मेलवर कळवलं. तो विषय आता संपला आहे, असं एका ओळीचं उत्तर आलं.

मामा चऱ्होलीला एका नव्या सोसायटीच्या गेटवर असतात, हे कॅन्टीनवाल्याकडून कळायला आठ महिने गेले. मी त्या रविवारी दुपारी गेले. त्यांनी लगेच ओळखलं आणि आधी गेटवरची वही पुढे केली. येण्याची वेळ लिहून मी तिथेच उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

"माहीत हाय मला," ते म्हणाले. "तवाच तुमच्या तोंडावर दिसलं. पुढचं बोलताल म्हून थांबलो व्हतो."

मला रडू आलं. त्यांनी स्टूल पुढे सरकवलं.

"नोकरीचं काई नाई मॅडम, ही बी नोकरीच हाय. पर गावाकडची चार पोरं म्याच लावली तिथं कंपनीत. त्यायला वाटतंय मामा लबाड बोलला. गावात बी तेच सांगितलंय त्यायनी."

"मी येते. मी सांगते त्यांना."

"सांगताल हो. पर कशावरून?"

ती दहा वाजून सात मिनिटं आता जगात कुठेच लिहिलेली नव्हती. एक गाडी आली, ते दांडा वर करायला गेले. मी डोळे पुसले आणि निघायचं म्हणून वहीत जाण्याची वेळ पाच लिहिली. परत येऊन त्यांनी वही बघितली, मग मनगटावरचं घड्याळ बघितलं. माझे पाच एका रेघेने खोडले, शेजारी त्याच सुवाच्य अक्षरात चार त्रेपन्न लिहिलं आणि खाली सही केली.