रहेमान चाचांनी लावलं नाही ते चाक

रहेमान चाचा गेले. आणि सहा वर्षांपासून आमची बोलचाल नव्हती.

आज दुपारी देऊळघाटला त्यांना माती देऊन आलो. घरी येऊन ताट बाजूला सारलं आणि हे लिहायला बसलो.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. चाचा म्हणजे जुन्या ट्रकच्या पुढच्या चाकांचे मिस्त्री.
इंजिनला हात लावायचे नाहीत. फक्त पुढचा भाग. स्प्रिंगचे पाटे, किंगपिन, बेअरिंग.

आपण म्हणायचं, "चाचा, गाडी खडखड करते."
ते विचारायचे, खड्ड्यात का वळणावर? भरलेली असताना का रिकामी? ब्रेक दाबला की थांबतो का आवाज?
आणि आपण उत्तर देत असताना तोंडाकडे टक लावून बघायचे. मला तर शाळेत मास्तरांसमोर उभं असल्यासारखं वाटायचं.

मग पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडाची, वाळलेली काडी घ्यायचे. एक टोक पाट्याला टेकवायचं, दुसरं दातात धरायचं. आपण वर बसून स्टेअरिंग हलवायचं.
डोळे मिटून दोन मिनिटं तसेच बसायचे आणि नेमका भाग सांगायचे. बहुतेक वेळा तोच निघायचा.

मी एकदा हसलो होतो. तर म्हणाले, "संजू, कान फसवते. दात नाई फसवत."

माझी गाडी वडिलांनी घेतलेली, चौऱ्याण्णवचं मॉडेल. बीटी कापूस नवा होता तेव्हा सीझनला या गाडीला उसंत नसायची. नंतर वर्ष वर्षाला बोंडं कमी आणि फवारण्या जास्त. तरी कापूस होता तोवर गाडी चालली.

मग गुलाबी बोंडअळीचं ते वर्ष आलं.
बोंड फोडलं की आत अळी. लोकांनी उभ्या पिकात गुरं सोडली. गावभर फिरून चौघांचा मिळून एक ट्रक कसाबसा भरला. त्या सीझनची माझी ती एकच ट्रिप होती. राजूर घाट उतरून मलकापूरकडच्या जिनिंगवर जायचं होतं. ते चौघंही वर कापसावर बसून येणार होते, त्यात माझा सख्खा मेव्हणा.

डाव्या चाकातून आवाज येत होता. टक, टक. वळणावर जास्त.
म्हटलं, जाता जाता चाचांना दाखवू.

चाचांनी जॅक लावला, चाक वर-खाली धरून हलवलं. ढिलं होतं. मला ब्रेक दाबायला सांगितला तर हलायचं थांबलं. म्हणजे बेअरिंग. मी म्हटलं, कसून द्या, निघतो.

पण त्यांनी चाक उतरवलं, हब काढला. ज्या दांड्यावर चाक फिरतं त्याला रॉकेलचा बोळा लावून पुसलं आणि वर खडू घासला. थोड्या वेळाने पांढऱ्यावर केसाएवढी ओली रेघ उमटली. तडा असला की आत शिरलेलं रॉकेल अशी रेघ काढतं.

चाचा उठले. हात पुसले.
"चाक मी लावत नाई. तुले जायचंच असंन तं तीन चाकावर जाय."

माझं डोकं म्हणजे वाळली पऱ्हाटी, काडी लावायचा अवकाश.
चार माणसांसमोर मी त्यांना वाट्टेल ते बोललो. म्हातारे झालात, नजर गेली, खडूची रेघ दाखवून लोकांना भेवडवता. तुमचं शेत नाही, तुम्हाला काय कळणार एका ट्रकची किंमत.
त्यांच्या तोंडासमोर बोट नाचवून बोललो. ते नुसते बघत राहिले.

कापूस दुसऱ्या गाडीत भरून पाठवला. तो दांडा काढून मी बुलढाण्यात एकाला दाखवला. त्याने शिकंज्यात धरून हातोड्याचा एक घाव घातला. दोन तुकडे.

आतून अर्धा आधीच काळा पडलेला होता. म्हणजे कधीचाच तुटत आला होता.
घाटातलं ते मोठं वळण आणि वर बसलेली चार माणसं डोळ्यांसमोर आली.

दुसऱ्या दिवशी देऊळघाटला गेलो. चाचा पाठमोरे बसून एक पितळी बुश घासत होते. मी मागेच उभा राहिलो. समोर जायला तोंड नव्हतं.
म्हटलं, "चाचा, माझं चुकलं. माफ करा."

त्यांनी वळूनही पाहिलं नाही. बुश घासत राहिले.

दोन-तीन मिनिटं थांबलो आणि निघून आलो. मनात म्हटलं, एवढा ताठा असेल तर राहू दे. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात तो माझाच. सहा वर्षं दुसरीकडे गाडी दाखवली. त्यांच्या दुकानावरून जाताना मान फिरवून जायचो.

आज माती दिल्यावर त्यांचा मुलगा युसूफ जवळ आला. मी त्याला सगळं सांगून टाकलं. माफी मागितली होती, चाचांनी उत्तर दिलं नाही, तेही सांगितलं.

तो म्हणाला,
"भाऊ, अब्बाले आठ-दहा सालापासून आयकूच येत नव्हतं. कोनाले सांगू देत नव्हते. आवाज पकडनारा मिस्त्रीच बहिरा हाय म्हटलं तं गाडी कोन आनंन? समोरच्याच्या तोंडाकडं पाहून समजून घेत."

पुढे म्हणाला, "तुमच्या गाडीचं लई पुसत. म्हनत, संजू येऊनच नाई राह्यला. चाक नाई लावलं म्हनून अजून राग हाय त्याले."

चाचा, शिव्या मी तुमच्या तोंडावर दिल्या. त्या तुम्हाला सगळ्या कळल्या असतील.
माफी पाठीला मागितली.

दोन पावलं पुढे येऊन समोर बसलो असतो तर झालं असतं.

आमची पाचही माणसं आज आपापल्या घरी आहेत. मेव्हण्याची मुलगी परवा कॉलेजला लागली.

चाचा, राग नव्हता हो. लाज होती.

शेवटचा सलाम.
तुमचा संजू