जिभेखालचा पापुद्रा

लेकीच्या बाळंतपणाची माझी तयारी सातव्या महिन्यातच झाली होती. जुन्या सुती साड्यांची दुपटी, अळीव, डिंक, खारीक, शेकायला शेगडी आणि कोळसा, दवाखान्याची फाइल, एका रिक्षावाल्याचा नंबर, तो न आल्यास दुसऱ्याचा. फ्रीजच्या दारावर कागद लावलेला होता आणि झालेल्या गोष्टींवर लेक येता-जाता खुणा करायची. "आई, यात बाळ लिहायचं राहिलंय," असं ती एकदा म्हणाली. बाळ आपोआप येणार होतं. ते आलं, मुलगी झाली, सगळं नीट पार पडलं, आणि घरी आल्यावर लक्षात आलं की तिला दूध पिता येत नाही.

प्यायचा उत्साह दांडगा होता. तोंड उघडायची, छातीला लागायची, दोन-चार ओढी घ्यायची की तोंड सटकायचं. चक् चक् असा कोरडा आवाज यायचा, ओठाच्या कडेनं दूध ओघळायचं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. थोड्या वेळानं ती दमून झोपायची आणि पाळण्यात ठेवेपर्यंत भुकेनं जागी व्हायची. लेकीच्या छातीला चिरा पडल्या होत्या. बाळ रडायला लागलं की तिचे खांदे आधी आक्रसायचे आणि मग हात पुढे यायचे.

"वरचं दूध सुरू करायचं का?" मी विचारलं.

"लागलं तर कर. ती उपाशी राहायला नको," लेक म्हणाली. "पण मला पाजायचंय, आई. मला हे जमायला हवंय."

ही मुलगी लहानपणापासून कशाचा हट्ट धरणारी नाही. तिनं असं सांगितलं, म्हणजे तेच आता आमच्या घरातलं मुख्य काम झालं.

पाचवीच्या पूजेला विहीणबाई कोल्हारहून आल्या. गाडी जावयांनीच चालवत आणली होती. नगर-मनमाड रस्त्यानं हाडं खिळखिळी झाली म्हणत त्या बसल्या आणि पाणी पिऊन आधी नातीला मांडीवर घेतलं. त्यांनी एक पाजणं शेवटपर्यंत पाहिलं.

"पोरगी वढत न्हाई," त्या म्हणाल्या. "जिभेला थोडा मध चोळा. जीभ सैल हुती."

"मध नको, आत्या," लेक म्हणाली. "दवाखान्यात सांगितलंय, वर्षाची होईपर्यंत मध नाही."

"आमच्या येळी समदी पोरं मधावरच हुती."

मी विषय बदलून पुरणपोळी वाढली. दुसऱ्या दिवशी वजन करायला सावेडीतल्या मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे जायचंच होतं. सगळेच गेलो.

वजन जेवढं भरायला हवं होतं तेवढं नव्हतं. डॉक्टरांनी हातमोजे घातले, बाळाला टेबलावर घेतलं आणि दोन्ही तर्जन्या तिच्या जिभेखाली घालून जीभ हळूच उचलली. बाळ रडायला लागलं. "आता बघा," त्या म्हणाल्या, "रडताना जीभ वर यायला हवी. हिची मध्ये खाली ओढली जातेय."

मी वाकून पाहिलं. गुलाबी, करंगळीच्या पेराएवढी जीभ. तिच्या टोकाला मधोमध खाच पडली होती, पत्त्यातल्या बदामासारखी. आणि खाली, तोंडाच्या तळाशी ती जीभ बांधून ठेवणारा एक पडदा. कांदा सोलताना दोन पाकळ्यांच्या मधला पापुद्रा निघतो ना, ओला आणि आरपार दिसणारा, तसा. इतक्या पातळ वस्तूनं एका जीवाचं पोट अडवून धरलं होतं.

मी नगरमधल्या शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवते. अक्षर शिकवताना मुलांना जीभ कुठे टेकवायची ते तोंड उघडून दाखवते. वर्षानुवर्षं जिभा पाहत आले होते मी, पण जिभेच्या खाली कधी पाहिलं नव्हतं.

"घरात आणखी कुणाची जीभ अशी आहे का?" डॉक्टरांनी विचारलं. "हे कधी कधी घराण्यात असतं."

"न्हाई," विहीणबाई म्हणाल्या. "आमच्यात समद्यांच्या जिभा लांब."

डॉक्टरांनी जावयांकडे पाहिलं आणि जीभ बाहेर काढायला सांगितली. भरघोस मिशा असलेला, राहात्याच्या बाजारात व्यापाऱ्यांशी तासन्‌तास भाव करणारा माणूस लाजून भिंतीकडे बघायला लागला.

"आरं दाव की," विहीणबाई म्हणाल्या. "बाजारात न्हाई मांडायची तुला."

त्यांनी तोंड उघडलं. जीभ खालच्या ओठापर्यंत आली आणि थांबली. टोकाला तशीच खाच. टेबलावर बाळ अजून रडत होतं आणि तिच्या उघड्या तोंडात तोच बदाम, फक्त लहान. लेकीनं एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा मुलीकडे. नाक कुणाचं, कपाळ कुणाचं यावर आमच्या घरात बरीच चर्चा झाली होती. जिभेचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

"कुल्फी कशी खाता तुम्ही?" डॉक्टरांनी विचारलं.

"चावून," जावई म्हणाले. "मला वाटायचं सगलेच चावतात."

सगलेच. तेव्हा मला ऐकू आलं. ते पाण्याला पानी म्हणतात, कोणला कोन, पण ते त्यांच्याकडे सगळेच म्हणतात, मी तिकडे लक्ष देत नाही. डालिंब, फल, सगले हेही मी त्याच खात्यात टाकलं होतं, कोल्हारकडचं बोलणं म्हणून. आणि शेजारी विहीणबाई 'बाळ', 'येळ' असे ळ कसे खणखणीत म्हणत होत्या. त्यांच्या मुलाची जीभ तिथवर पोचतच नव्हती आणि तालुक्याच्या बोलीआड ते आजवर लपून गेलं होतं.

"मग माझंपन कापायला लागंल का?" जावयांनी विचारलं.

"तुमचं काही अडतंय का?"

"भाव ठरवताना तर न्हाई अडत."

"मग राहू द्या." डॉक्टर हसल्या आणि लेकीकडे वळल्या. त्यांनी जे सांगितलं ते मी तिथेच डोक्यात लावून घेतलं. जीभ अशी दिसते म्हणून कापायची नसते. बाळ कसं पितं आणि आईला किती त्रास होतो यावर ठरवायचं. काही बाळं नुसती नीट धरायला शिकवली तरी पितात. म्हणून आधी थोडे दिवस तेच करायचं, सोबत काढलेलं दूध वाटी-चमच्यानं पाजायचं म्हणजे वजन मागे पडणार नाही. तेवढ्यानं भागलं नाही तर पडदा कात्रीनं किंचित मोकळा करायचा. एवढ्या लहान वयात ते क्षणात होतं, भूल द्यावी लागत नाही. मूल मोठं झाल्यावर किंवा पडदा जाड असला तर भूल आणि टाके लागतात. पुण्यात लेझरनं करतात, पण अशा पातळ पडद्याला कात्री पुरते.

"आणि बोलण्याचं?" मी विचारलं. हा माझा प्रश्न होता, शिक्षिकेचा.

"ते आज कुणीच सांगू शकत नाही. बोलण्यासाठी म्हणून आत्ता कापू नका. आत्ता प्रश्न दुधाचा आहे."

"कापायचं नावच नगं," विहीणबाई म्हणाल्या. "ह्याचं काय वाईट झालं? एवढा धिप्पाड झाला ना?"

"याला अंगावर किती दिवस पाजलं तुम्ही?" डॉक्टरांनी सहज विचारलं.

विहीणबाईंनी पदर सारखा केला. "पाजलंच न्हाई. माझं दूद पातळ हुतं. सासू म्हनायची, पानी हाय नुसतं, पोराच्या अंगी लागत न्हाई. मग शेळीचं घातलं. एवढा एकच झाला मला, पुढं काय कळायला मार्गच न्हाई."

"लागायचा का तो? की धरून सुटायचा?"

"सुटायचा. लई रडायचा. हिच्यावानीच."

डॉक्टर खुर्चीवरून थोड्या पुढे सरकल्या. "इतक्या वर्षांनी खात्रीनं कोण सांगणार, आजी. पण दूध पातळ होतं असं मला वाटत नाही. त्याला ओढता येत नसणार."

विहीणबाईंनी मुलाच्या तोंडाकडे पाहिलं. ते आता बंद होतं, पण त्या पाहत राहिल्या. मला आधी वाटलं त्यांना ऐकूच गेलं नाही. गाडीत बसल्यावर, सिग्नलला थांबलो असताना, त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मंजी दूद हुतं." मी हो म्हणाले. जावयांनी आरसा उगाच नीट केला.

विहीणबाई त्या रात्रीच परत जाणार होत्या, पण राहिल्या. जावई एकटेच गेले. पुढचे दिवस आम्ही सांगितलेलं सगळं केलं. दवाखान्यातल्या सिस्टर घरी येऊन दाखवून गेल्या: लेकीनं मागे रेलून बसायचं, बाळाचं पोट आपल्या पोटाला लावायचं, तोंड पूर्ण उघडेपर्यंत थांबायचं आणि नुसतं टोक नाही, भोवतीचा काळा भागही तोंडात जाऊ द्यायचा. उशा मी रचायचे, दूध काढलेली वाटी उकळून विहीणबाई मांडून ठेवायच्या. लेकीचं दुखणं थोडं कमी झालं. चक् चक् मात्र तसंच राहिलं, आणि चमच्यानं पाजलं तरच पोट भरायचं. पाजा, मग दूध काढा, मग चमच्यानं भरवा, मग भांडी उकळा, की पुन्हा पाजायची वेळ. मला असं काम चालतं. लेक त्यात रोज थोडी थोडी विझत होती.

वजन पुन्हा केलं तेव्हा ते वाढलं होतं, पण सगळं चमच्याच्या जोरावर. लेकीनं नवऱ्याला फोन लावला. दोघांचं बोलणं फार झालं नाही. "तुला पाजायचंय ना? मग करू," एवढं मला बाहेर ऐकू आलं. मला धास्ती विहीणबाईंची होती. त्या दुपट्यांच्या घड्या घालत होत्या.

"करून टाका," त्या म्हणाल्या. "पोरीचं दूद वाया जाया नगं."

मुलांचे सर्जन ठरल्या वारी त्याच दवाखान्यात यायचे. जावई पहाटेच कोल्हारहून निघून आले होते. बाळाला जन्मल्यावर रक्त थांबण्याचं इंजेक्शन दिलं होतं ना, घरात कुणाला रक्त न थांबण्याचा आजार आहे का, हे सर्जन डॉक्टरांनी विचारून घेतलं. लेकीला आत बघवलं नसतं. मी गेले.

सिस्टरनं बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळलं आणि डोकं दोन्ही हातांत धरलं. डॉक्टरांनी जीभ उचलली. खिडकीतून उजेड येत होता आणि तो पापुद्रा त्या उजेडात चमकला. बोथट टोकाची छोटी कात्री आत गेली आणि बाहेर आली. मी श्वास घेतला होता तो सोडायच्या आत काम संपलं होतं. बाळ रडलं ते त्यानंतर. कापसाच्या बोळ्यावर टिकलीएवढं रक्त.

आणि रडताना जीभ वर आली.

मी तिथेच उभी होते, म्हणून मी ते पाहिलं. वाडग्यासारखी कडा उचलून ती टाळूकडे गेली, परत आली, पुन्हा गेली. कुणी शिकवलं नव्हतं. पोटात असल्यापासून ती जीभ हे करायला निघाली असणार आणि दर वेळी बांधलेली सापडली असणार. मी पुष्कळ मुलांना पुष्कळ गोष्टी शिकवल्या आहेत, पण इतकं तयार असलेलं काही मी आजवर पाहिलेलं नव्हतं.

"लगेच पाजा," डॉक्टर म्हणाले. "तेच औषध. उद्या-परवा जखमेवर पांढरट दिसेल, तो पू नव्हे, भरत असल्याची खूण. पुसू नका. आणि एका दिवसात सगळं जमेल असं धरू नका, तिला आता नव्यानं शिकायचंय."

बाजूच्या खोलीत पडदा लावून लेक बसली होती. बाळाला जवळ घेताना तिचे खांदे वर गेले, रोजच्यासारखे. बाळानं तोंड उघडलं, लागलं. एकदा सुटलं. लेकीनं पुन्हा तोंड उघडायची वाट पाहिली. या वेळी ते राहिलं. लेक डोळे मिटून दुखण्याची वाट पाहत होती. मग तिनं एक डोळा उघडला.

"दुखतंय का?" विहीणबाईंनी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. जरा वेळानं पुन्हा म्हणाली, "नाही, आत्या."

चक् चक् येत नव्हतं. त्याऐवजी दुसराच आवाज होता, ओला, खालच्या पट्टीतला. ओढ, ओढ आणि मग घशात एक बारीकसं ग्लक्. विहीणबाई खुर्ची ओढून इतक्या जवळ आल्या की त्यांचं डोकं लेकीच्या खांद्याला टेकलं. त्यांनी नातीच्या गळ्यापाशी कान नेला. दूध आत जाताना बाळाच्या गळ्याची कातडी हलत होती, त्यांनी तिथे बोटही लावलं नाही, नुसत्या ऐकत राहिल्या. पडद्याबाहेरून जावयांनी विचारलं, "काय झालं? पितीय का?"

"गप बस," त्या हळूच म्हणाल्या. "ऐकू दे."

आत बाळाच्या मुठी, ज्या जन्मापासून घट्ट होत्या, सैल होत गेल्या. आधी एक, मग दुसरी. पिणं मंदावलं, तोंड आपणहून सुटलं आणि ओठाच्या कडेला दुधाचा एक थेंब राहिला. लेकीनं माझ्याकडे पाहिलं.

"आई, झोपली," ती म्हणाली. "पोट भरून झोपली. आता वाटी उकळायची नाही ना?"

"आज तरी नाही," मी म्हणाले.