खंडेनवमीला उघडलेलं झाकण

लष्करात मी वायरलेस दुरुस्त करायचो. पेन्शनीत आलो तेव्हा कराडच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर सांभाळायला माणूस हवा होता. मुलाखतीत मी ठोकून दिलं की मला सगळं येतं. सत्तरच्या दशकाची शेवटची वर्षं ती. विचारणाऱ्यांनाही धड काही माहीत नव्हतं, म्हणून खपून गेलं.

मग मुंबईहून जुनं मशिन आलं, कपाटाएवढं. चालू केलं तर डिस्कचा, म्हणजे माहिती साठवायच्या भागाचा, बिघाड दाखवणारा लाल दिवा विझेना. कंपनीला कळवलं, त्यांनी उलट विचारलं: डिस्क काढता येणारी आहे की आतच बसवलेली, आणि तबकड्या किती? काढता येणारी असेल तर दुसरी देऊ, आतली असेल तर इलाज नाही. प्राचार्य दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मुंबईला जाणार होते, त्याआधी उत्तर हवं होतं. दिवाळीपर्यंत मशिन चाललं नाही तर तुमची नोकरी राहत नाही, हे त्यांनी मला तोंडावर सांगितलं. घरी बायको आणि दोन पोरी. 

दुसऱ्या दिवशी सकाळी मशिन उघडायला गेलो तर स्क्रूड्रायव्हर जागेवर नाही. खंडेनवमी होती ना! म्हाताऱ्या शिपाईमामांनी पकडी, पाने, स्क्रूड्रायव्हर सगळं पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं होतं, वर झेंडू. मी हात घालताच मामा आडवे आले.

"आवं, उद्यापतूर हत्याराला हात लावायचा न्हाई."

माझं डोकंच फिरलं. नोकरी माझी चाललीय, तुमची नाही, असं वाट्टेल ते बोललो. मामा जागचे हलले नाहीत. शेवटी स्टुलावर बसून मी त्यांना खरं सांगून टाकलं की यातलं मला काडीचं कळत नाही. बायकोलाही सांगितलं नव्हतं मी ते.

मामा मशिनभोवती एक चक्कर मारून आले.

"ह्या झाकणाला स्क्रू कुठं हाय? मूठ हाय. सारखं उघडायचं नसतं तर मूठ कशाला लावली असती?"

मी मात्र मशिनचे बाजूचे पत्रे खोलायला निघालो होतो! मूठ दाबली, झाकण अलगद वर आलं. आत ताटांसारख्या तबकड्यांची चळत, उचलायला मधोमध कडी. काढता येणारी! मी सहा तबकड्या मोजल्या. मामांनीही मोजल्या, सहाच.

तसाच प्राचार्यांकडे गेलो. डिस्क काढता येणारी आहे, सहा तबकड्यांची, हे सांगितलं; मामांनी ओळखली तेही सांगितलं. मग न राहवून मुलाखतीतलं खोटंही सांगून टाकलं. आता गेली नोकरी, असं धरूनच उभा होतो.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"परवा माझ्याबरोबर मुंबईला चला. डिस्क घ्यायची, आणि ती बसवायची कशी हे तिथं विचारून शिकून यायचं. मला त्यातलं काही येत नाही."

मी सॅलूट ठोकला. कॉलेजात सॅलूट करत नाहीत, पण हात आपसूक वर गेला.