सूर्यभानांचे बंगले

तारनाक्याच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहून सूर्यभानांनी इंग्लंडातले बरेच बंगले जमवले होते. सगळे कागदावरचे. तांब्याच्या पत्र्यावर कोरून दोनेकशे वर्षांपूर्वी छापलेली चित्रं. मोठं घर, पुढे तळं, तळ्याकाठी हरणं, आणि एखादा माणूस कुत्र्याला घेऊन उगाच उभा. रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त झालेल्या माणसाने असला नाद का लावून घ्यावा, हे त्यांना विचारण्यात अर्थ नव्हता. ते चित्र हातात देत आणि कडेने बोट फिरवायला सांगत. छापताना पत्रा कागदात रुततो, त्याची बारीक खाच बोटाला लागते. ती लागली की सूर्यभान खूश. पाहुण्याचं त्याचं तो बघेल.

रविवारी आबिड्सच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. तिथला एक विक्रेता फाटक्या पुस्तकांतली असली पानं त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवायचा. "साब, आपका और एक घर आया," म्हणायचा. सूर्यभान ते घर वर्तमानपत्रात गुंडाळून बसने घेऊन येत.

घरी मात्र या घरांना जागा नव्हती. ती दिवाणाखाली राहत. बाहेरच्या खोलीत भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब होते, आणि त्याच भिंतीच्या दुसऱ्या टोकाला, बंद पडलेलं घड्याळ काढल्यापासून, एक खिळा रिकामा होता. त्या खिळ्यावर सूर्यभानांचा कित्येक वर्षं डोळा होता. त्यांच्या पत्नी कोंडाबाई दाद देत नव्हत्या. जुन्या कागदाला कसर लागते, धूळ बसते आणि तो पुसता येत नाही, हे त्यांचं रोजचं कारण. खरं कारण त्यांनी एकदाच सांगितलं.

"माझ्या मायचा जन्म दुसऱ्याच्या वाड्याम्होरचं झाडन्यात गेला. आता मी सायबाचा वाडा भितीवर लावून त्याची धूळ झाडू का?"

सूर्यभानांनी चित्र परत दिवाणाखाली सरकवलं. खिळा तसाच राहिला.

या घराचा एक नियम होता. महत्त्वाचा कागद लॅमिनेट करायचा. जातीचा दाखला, शाळेतले गुणांचे मेमो, नेमणुकीचं पत्र, सगळं प्लास्टिकात. कागद गेला की माणूस गेला, असं सूर्यभान मुलाला लहानपणापासून बजावत आले होते. बाकी काही शिकला नसेल, पण रवी एवढं पक्कं शिकला होता.

हा रवी कुकटपल्लीला एका ऑफिसात कामाला. वडिलांच्या वाढदिवसाला तो पुठ्ठ्याच्या पाकिटातून एक वस्तू घेऊन आला. दिवाणाखालून गुपचूप नेलेलं सगळ्यांत देखणं चित्र होतं ते. एक डाग नसलेलं, चारी बाजूंना भरपूर कोरा कागद सोडलेलं, सूर्यभान ज्याला धुतल्या हातानेच शिवत ते. आता ते मापात बसावं म्हणून कडेने कापलेलं होतं आणि जाड, चकचकीत प्लास्टिकात कायमचं चिकटलेलं होतं.

सूर्यभानांनी कडेवरून बोट फिरवलं. खाच कापली गेली होती. बोट सरळ घसरलं. असलं चित्र पुन्हा हाती लागणार नव्हतं, आणि हे कुणाला समजावून सांगायचं तर आधी मुलाला सांगावं लागणार होतं.

"थिकवालं करवलं, नाना. पाणी पडलं तरी कुछ नहीं होता," रवी म्हणाला. "माझ्या टेन्थच्या मेमोला तुम्ही केलं होतं ना, सेम."

सूर्यभानांनी एका कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "कोपरे गोल केलेस ते बरं केलंस."

कोंडाबाईंनी नवऱ्याचा चेहरा पाहिला. त्यांनी ती पाटी त्यांच्या हातातून घेतली, ओल्या फडक्याने पुसली, वरच्या बाजूला दाभणाने भोक पाडलं आणि कुणाला न विचारता खिळ्यावर अडकवली.

पुढच्या आठवड्यात शेजारच्या पद्मावतीबाई आल्या. भिंतीकडे बघून त्यांनी विचारलं, एवढं मोठं घर कुणाचं?

एरवी सूर्यभानांनी कोण उमराव, कुठला परगणा, कोणतं साल, सगळं ऐकवलं असतं. पण त्यांच्याआधी कोंडाबाईच बोलल्या.

"आमच्या ह्यांचं हाय."

सूर्यभानांनी उठून बाईंसाठी खुर्ची पुढे ओढली. "बसा ना," ते म्हणाले. "चहा घेऊन जा."