कांचनजंगेची हजेरी

आमच्या इमारतीला नऊ मजले आहेत आणि लिफ्टही आहे, त्यामुळे जिन्याच्या वाटेला सहसा कुणी जात नाही. म्हणूनच गेल्या हिवाळ्यात दोन पोक्त बायका पाठीवर सॅक लावून रोज सकाळी जिना चढायला लागल्या, तेव्हा गार्डन रीचच्या त्या क्वार्टर्समध्ये दूधवाल्यापासून सगळ्यांनी चौकशा केल्या. माझ्या सॅकमध्ये कणकेची दोन पाकिटं असायची. मैत्रिणीच्या सॅकमध्ये जुने नकाशासंग्रह. कोलकात्यात चढ म्हणावा असं दुसरं काही नाही, म्हणून आमचा डोंगर म्हणजे जिना.

मी साताऱ्याची. नवऱ्याच्या बदलीनं इथं आले त्याला नऊ वर्षं झाली. मैत्रीण तिसऱ्या मजल्यावरची, बंगाली, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. मी तिला दिदी म्हणते. आमचं बोलणं हिंदीत चालतं, तिची हिंदी बंगाली वळणाची, माझी मराठी वळणाची, आणि भांडायलासुद्धा ती दोघींना पुरते. दिदीनं तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. फळ्यावर खडूनं कांचनजंगेची रांग काढायची आणि डावीकडून उजवीकडे एकेका शिखराचं नाव पोरींकडून घोकून घ्यायचं. एवढं करून तिनं स्वतः कांचनजंगा पाहिलेली नव्हती. दार्जिलिंगला ती चारदा गेली होती, लग्नानंतर एकदा, आईला घेऊन एकदा आणि शाळेच्या सहलीबरोबर दोनदा. चारही वेळा ढग. आता गुडघ्याचं ऑपरेशन जूनमध्ये ठरलं होतं आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्यानंतर मोठे चढ विसरा. म्हणून हा एप्रिल आणि संदकफू, दार्जिलिंगच्याही वरचा तो माथा, जिथून कांचनजंगेची सगळी रांग समोर दिसते.

“वरपर्यंत जीप जाते,” मी सुचवून पाहिलं.

“तीस वर्षं पोरींना नकाशावरून पायी नेलं,” ती म्हणाली, “आणि मी स्वतः जीपनं जाऊ?”

मग मी बढाया मारायला सुरुवात केली. आम्ही गडांवर वाढलेली माणसं, अजिंक्यतारा आमच्या घरामागं, मागं पडलीस तर ओढून नेईन. जिन्यावर तरी माझं म्हणणं खरं होतं. ती पाचव्या मजल्यावर धापा टाकत असायची तेव्हा मी गच्चीवर उभी राहून खिदिरपूरच्या गोदीतल्या क्रेन मोजत असायचे. मग खालून तिचा वर्गातला आवाज यायचा. ती माझं पूर्ण नाव घ्यायची, माहेरच्या आडनावासकट. मी तिच्या शाळेतल्या पोरींसारखं ओरडायचे, “प्रेझेंट, प्लीज!” आठवड्याभरात सगळ्या इमारतीला ते पाठ झालं.

घोडामैदान फार लांब नव्हतं. सियालदाहून गाडी पकडली, पुढं जीपनं मानेभंजन, आणि तिथून चालायला लागलो. बरोबर वाटाड्या होता, पन्नाशीचा, कमी बोलणारा नेपाळी माणूस. पहिला मुक्काम तुमलिंगला, दुसरा कालीपोखरीला. धुक्यात लाल गुरांसाची, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनची, झाडं फुललेली, वाटेच्या एका बाजूला भारत आणि दुसऱ्या बाजूला नेपाळ. वीस पावलांपलीकडचं मात्र काही दिसेना. दिदी रोज पहाटे उठून उत्तरेकडं तोंड करून उभी राहायची आणि ढग बघून परत यायची. वाटाड्या म्हणायचा, “उद्या, दिदी.” दार्जिलिंगलाही तिनं चार खेपा हेच ऐकलं होतं.

तो मला दुसरंही एक रोज सांगायचा, हळू चला, पाणी प्या. मी मान डोलवायचे आणि पुढं सुटायचे. आमच्याकडं गड एका दमात चढायचा, वर पिठलं-भाकरी खायची आणि संध्याकाळी घरी. उंचीची हवा ही काय चीज आहे ते माझ्या पायांना ठाऊकच नव्हतं. दिदी मात्र “आस्ते, आस्ते” म्हणत एकेक पाऊल टाकायची. तिची मला दया यायची, हे आज लिहिताना लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी शेवटचा खडा चढ होता. माझं डोकं आदल्या संध्याकाळपासून ठणकत होतं, पण सांगणार कोणत्या तोंडानं? मी पुढं निघून गेले. मागून धुक्यातून दिदीची हाक आली. “प्रेझेंट, प्लीज!” मी ओरडले आणि एका दगडाआड बसून ओकले. थोड्या वेळानं पुन्हा हाक आली. पुन्हा प्रेझेंट, पुन्हा ओकारी. तिसरी हाक मला ऐकू आली, पण तोंडातून शब्द निघेना.

दोघं आले तेव्हा मी रस्त्याच्या कडेला बसून हातमोजा घालायचा प्रयत्न करत होते, आणि तो काही केल्या हातात जात नव्हता. वाटाड्यानं मला उभं करून सरळ चालायला लावलं. मी सरळ चालले असं मला वाटलं. तो एवढंच म्हणाला, “खाली. आत्ता.”

संदकफू दोन तासांवर होतं. वर सामान टाकून परतणारी एक जीप त्यानं थांबवली. मी रडायला लागले. दिदीला म्हटलं, मी जीपनं एकटी जाते, तू त्याच्याबरोबर वर जा, जूननंतर तुला हे जमायचं नाही. अक्षरशः पाया पडले.

“वर्गातली एक पोरगी कमी असताना सहल पुढं जात नाही,” ती म्हणाली आणि माझी सॅक उचलून जीपमध्ये टाकली.

वाटेत गारा पडल्या. टपावर असा आवाज, की बोलायची सोय नव्हती, आणि मला बोलायचं धाडसही नव्हतं. तिची पाचवी खेप मी वाया घालवली होती. ढगांना तरी काय नावं ठेवायची, या वेळी आड मी आले होते. तुमलिंगला पोचेपर्यंत डोक्यातला ठणका उतरला, आणि मी मेल्यासारखी झोपले.

पहाटे दिदीनं मला हलवून उठवलं. अंगावर शाल टाकली आणि बाहेर नेलं. गारांनी हवा धुऊन निघाली होती. मी समोर पाहिलं. निळ्या डोंगरांच्या रांगा होत्या, छान होत्या, आमच्याकडं असतात तशा. मी म्हणणार होते, कुठंय? तेवढ्यात तिनं माझ्या हनुवटीखाली बोट घालून मान वर केली.

ती वर होती. मी जिथं आकाश आहे असं धरून चालले होते, तिथं डोंगर होता. आधी नुसता राखाडी, मग टोकाला एक ठिणगी, मग निरांजनाच्या वाती एकेक करून लावाव्यात तसं शिखरामागून शिखर पेटत गेलं. आवाज कसलाच नव्हता. एवढं मोठं काही घडताना आवाज कसा नाही, याचीच मला भीती वाटली. माझा अजिंक्यतारा, माझे सगळे गड, माझी सगळी बडबड, काही म्हणता काही आठवेना. इतकी लहान मी कधी झाले नव्हते आणि इतकं बरंही कधी वाटलं नव्हतं.

शेजारी दिदी हात मागं बांधून ताठ उभी होती. तिनं वर्गातल्या आवाजात सुरुवात केली, डावीकडून.

“कुंभकर्ण.” ती थांबली. “काब्रू.” पुन्हा थांबली.

“कांचनजंगा.” इथं तिचा आवाज फुटला. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि घसा साफ करून पुढं गेली. “पांडिम.”

फळ्यावर काढायची त्याच क्रमानं सगळी उभी होती. मला राहवलं नाही. मी म्हटलं, “वरून एव्हरेस्टही दिसलं असतं, दिदी. माझ्यामुळे राहिलं.”

“हो, राहिलं,” ती म्हणाली. खोटी समजूत घालायची तिला सवय नाही.

मग डोंगरावरची नजर न काढता, त्याच आवाजात, तिनं माझं पूर्ण नाव घेतलं आणि उत्तरासाठी थांबली.

“प्रेझेंट, प्लीज,” मी म्हणाले. या खेपेला ते खरं होतं.