पंगतीतून उठताना

अकोल्याला धाकट्या दिरांच्या घरी महालक्ष्म्या बसतात आणि दरवर्षी त्या दिवसांचा कारभार माझ्याकडे असतो. अमरावतीहून निघण्याआधीच कोणती भाजी कोण चिरणार, पुरण केव्हा वाटायचं, पहिल्या पंगतीला कोण बसणार, हे मी कागदावर मांडून ठेवते. कागद हातात असला की मला कशाची भीती वाटत नाही.

मधुमेहाचंही मी असंच केलं होतं. बोटाला टोचायचं यंत्र आणलं, साखर-गूळ बंद केला, आकडा ताब्यात ठेवला आणि काम संपलं असं धरून चालले. आमचे अमरावतीचे डॉक्टर मात्र दर वेळी सांगायचे, "नुसती साखर सांभाळून भागत नाही. रक्तदाबाची आणि कोलेस्टेरॉलची गोळीही चुकवू नका, आपल्याला हृदय सांभाळायचं आहे. आणि मधुमेह जुना झाला की झटका छातीत न दुखताही येऊ शकतो. घाम, दम, जबडा जड होणं, कारण नसताना गळून जाणं, एवढं दिसलं तरी दवाखाना गाठायचा."

मी मान डोलवायचे. घरी गोळ्या घ्यायचेही. सासरी मात्र लाज वाटायची, तिथे त्या चुकवायचे. सगळ्यांना हुकूम सोडणाऱ्या बाईनं चारचौघींत मूठभर गोळ्या तोंडात टाकायच्या आणि त्यांनी "काय झालं वो?" म्हणून विचारायचं, हे मला नको होतं. दुखणं म्हणजे मला स्वतःचा ढिसाळपणा वाटे.

त्या वर्षी महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी सकाळी पुरण वाटायला बसले तेव्हापासूनच अंगात त्राण नव्हतं. स्वयंपाक गच्चीवर होता. जिना चढताना मधल्या वळणावर कठड्याला धरून थांबावं लागलं. जाऊ वरून बघत होती.

"काय ताई, आमाले कामाले लावून तुमी आराम करून राहिल्या काय?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. "तुह्या घरचा जिनाच तसा हाय," म्हणाले आणि उरलेल्या पायऱ्या मुद्दाम भरभर चढले. वर पोचल्यावर काही वेळ बोलता येईना, म्हणून कढीचं मीठ बघायचं सोंग केलं.

दुपारी सवाष्णींची पंगत बसली. आमच्याकडे ही पंगत बसली की शेवटचा घास होईपर्यंत कुणी उठत नाही. एक उठली की पंगत मोडली. अशी मोडलेली पंगत आमच्या कुळात विसरली जात नाही. कोण उठली होती आणि पुढे तिच्या घरात काय काय झालं, ते अजून सांगतात. नव्या सुनांना हा नियम समजावून देणारी मीच.

आंबील वाढली, कढी आली, पोळीवर तुपाची धार पडली, आणि माझ्या पाठीवरून घाम वाहू लागला. साखर उतरली असेल असं वाटून एरवी शिवत नाही ते पुरण दोन घास खाल्लं. घाम थांबेना. खालचा जबडा कुणी ओढून धरल्यासारखा जड झाला. छातीत दुखत नव्हतं. दुखत नाही म्हणून हायसं वाटलं आणि लगेच डॉक्टरांचं बोलणं आठवलं. मला काय होतंय ते मला कळलं होतं. न कळल्याची सबब माझ्यापाशी नाही.

कळूनही मी काय केलं, तर पंगत किती उरली ते पाहिलं. समोरच्या बाईनं आणखी एक पोळी मागितली, तिचा मला संताप आला. आता ताक, मग विडे, मग हात धुणं. तेवढं उरकलं की कुणाला तरी बाजूला घेऊन हळूच सांगू, असा बेत आखला. "भरभर वाढा ना वो पोरीहो," वाढणाऱ्या मुलींवर डाफरलेसुद्धा. जीव जाईल की राहील यापेक्षा, माझ्यामुळे पंगत मोडली असं लोक म्हणतील, हे मला मोठं वाटत होतं.

शेजारी चुलत सासूबाई होत्या, आमच्यातल्या सगळ्यांत वडील सवाष्ण.

"काहून वो, इतका घाम?"

"चुलीपाशी होती ना, आत्याबाई."

"त्याले किती वेळ झाला." त्यांनी उष्ट्या हाताचं मनगट माझ्या दंडाला लावलं. "गार पडली तू."

"पंगत होऊ द्या," मी म्हणाले. मग पोळीकडे हात नेला आणि तो पानापर्यंत गेलाच नाही. तेव्हा कुठे मी बोलले, "मले दवाखान्यात न्या." आवाज इतका बारीक निघाला की पुन्हा म्हणावं लागलं.

माझ्याआधी आत्याबाई उठल्या, भरल्या पानावरून. "कोनी काही बोलू नोका. पंगत मी मोडली. गाडी काढा रे!"

दोघींनी मला धरून उभं केलं. दोन्ही बाजूंच्या बायका घास हातात धरून बघत होत्या. लुगड्याचा मागचा भाग घामानं चिकटला होता. मी कुणाच्या तोंडाकडे पाहिलं नाही. गाडीत लक्षात आलं, हात धुवायचा राहिला होता. पुरणानं, तुपानं माखलेला तो हात जाऊ घट्ट धरून बसली होती.

झटकाच होता. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "त्रास कधीपासून आहे? खरं सांगा, त्यावर उपचार ठरतात."

जाऊ अजून हात धरून शेजारीच उभी होती. "पुरण वाटत होतो तेव्हापासून," मी म्हणाले.

तिनं माझा हात सोडला.

संध्याकाळी अडलेली रक्तवाहिनी मोकळी केली. दुसऱ्या दिवशी जाऊ डबा घेऊन आली. झाकण काढता काढता म्हणाली, "माह्या बाजूले बसून पुरण वाटलं तुमी. जिन्यात मी हासली तुमाले. काही कमीजास्त झालं असतं त मी कोनाले तोंड दाखवलं असतं, ताई? तुमच्या घरी भाऊजीले काय सांगतलं असतं?"

तिला मी आजवर मिठापासून रांगोळीपर्यंत सगळं शिकवलं. आता तिच्याकडे वर पाहवत नव्हतं. माझी लाज झाकायला मी तिच्या जन्माला केवढी टोचणी लावून देणार होते, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

तिनं भाकर आणि कमी तेलातली मेथी पुढे केली. "खा. आन काही होत असलं त आता सांगत जा."

सलाइनची सुई मघापासून हाताला टोचत होती. एवढ्याशा गोष्टीसाठी तोंड उघडायची मला कधीच सवय नव्हती. कान गरम झाले.

"ही सुई टोचून राहिली," मी म्हणाले.

जाऊ डबा तसाच ठेवून सिस्टरला बोलवायला गेली.